कानामागून आलं

माणसांचे मुळात दोन प्रकार. वस्तू बिघडली की हळहळणारे आणि वस्तू बिघडली की आतल्या आत सुखावणारे. मी दुसऱ्या प्रकारातला. हा दोष रक्तातला आहे. आमच्या सदाशिव पेठेतल्या घरी रेडिओ खरखरला की वडील तो उघडून बसत, आणि पुन्हा बंद केल्यावर दोन-तीन स्क्रू हमखास शिल्लक राहत. हे शिल्लक स्क्रू ते श्रीखंडाच्या एका रिकाम्या डब्यात जपून ठेवीत. वडील गेले तेव्हा त्या डब्यात अख्खा एक रेडिओ जमला असता. त्याला आवाज नव्हता इतकंच. पण तसा तो बाहेरच्या रेडिओलाही फारसा उरला नव्हता.

सांगायचा मुद्दा असा, की बॉस्टनपासून वीस मैलांवरच्या आमच्या गावात मी एका गराज सेलमध्ये दोन जुनी लाकडी खोकी विकत घेतली, तेव्हा सौ.ने जो सुस्कारा सोडला त्याला पन्नासहून अधिक वर्षांच्या संसाराचा अनुभव होता.

गराज सेल म्हणजे बोहारणीचा धंदा घरमालकानं स्वतःच्या अंगणात स्वतःच मांडायचा. त्या दिवशी तीन घरं पलीकडच्या एका आजीबाईंनी तो मांडला होता. (आजीबाई आपलं मी म्हणतोय, वयानं त्या माझ्याहून जेमतेम दोन वर्षांनी मोठ्या असतील. पण माणसाला आपल्या वयाची माणसं म्हातारी दिसतात, हा सृष्टीचा नियम आहे.) कपबशा होत्या, नाताळचे दिवे होते, पाय मोडलेली एक आरामखुर्ची होती आणि तिच्यामागे, शाळेत शिक्षा झालेल्या पोरांसारखी भिंतीकडे तोंड करून उभी असलेली दोन खोकी होती. दोन फुटांहून थोडी उंच, सव्वा फूट रुंद. वजन प्रत्येकी चोवीस किलो. ते मला नंतर कमरेनं सांगितलं. पाठीवरच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : अकौस्टिक रिसर्च, केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स. मॉडेल ए.आर.-३ए.

माझ्या छातीत जे काही धडधडलं ते पत्नीसमक्ष सांगण्यासारखं नाही.

"माझ्या नवऱ्याचे स्पीकर," आजीबाई म्हणाल्या. "तो गेल्याला चार वर्षं झाली. फार जीव होता त्याचा यांच्यावर. शेवटी शेवटी मात्र सारखी तक्रार करायचा, की यांचा आवाज मंद झाला, पूर्वीची झळाळी गेली. रोज उघडून बसायचा. मला काही फरक कळत नव्हता. पण त्याचा कान तयार होता ना!"

मी समजुतदारपणे मान हलवली. तयार कानाचे भोग मी जाणून होतो. साठ डॉलरला सौदा तुटला. एखाद्या डॉक्टराला जुनाट, गुंतागुंतीचा रोगी मिळाला की तो वरवर गंभीर चेहरा करतो, तसा चेहरा करून मी ती खोकी घरी आणली.

आता या खोक्यांपायी इतकं हरखून जायला काय झालं, हे कळायला मागे, १९६९ साली जायला हवं. त्या सप्टेंबरात मी बॉस्टनला शिकायला आलो. चंद्रावर माणूस उतरून दोन महिने झाले होते, आणि माझं धाडस त्याहून कमी आहे असं आमच्या घरी कुणालाच वाटत नव्हतं. त्या काळी भारतातून निघणाऱ्या विद्यार्थ्याला खिशात आठ डॉलर नेता येत. परकीय चलनाची टंचाई होती. आठ डॉलर आणि एक बेडिंग एवढ्या भांडवलावर मी केंब्रिजच्या ब्रॅटल स्ट्रीटवरून हिंडत असताना एका दारावर 'म्युझिक रूम' अशी पाटी दिसली.

ही खोली स्पीकर बनवणाऱ्या त्याच कंपनीची. तशीच दुसरी न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात होती. आत जावं, बसावं, ऐकावं, उठून जावं. विकत काही मिळत नसे! पुण्यात दुकानात माल विकायला असतो आणि दुकानदार तो विकत नाही, हे मला पाठ होतं. इथे माल विकायलाच नव्हता आणि माणूस मात्र हसून 'या' म्हणत होता. मी बसलो. कोणीतरी चेलो वाजवत होतं. पाश्चात्त्य संगीतातलं मला तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं, पण गज तारेवर टेकताना होणारी किंचितशी खरखर ऐकून मी वादक कुठे बसलाय ते पाहायला मान वळवली. तिथे फक्त दोन खोकी होती. ए.आर.-३ए. एकाची किंमत अडीचशे डॉलर, जोडीची पाचशे. म्हणजे ती जोडी घ्यायला माझ्यासारखे साडेबासष्ट विद्यार्थी खिसे रिकामे करून उभे राहायला हवे होते. अर्ध्या विद्यार्थ्याची अडचण नव्हती. पहिल्या सहामाहीनंतर आम्ही सगळे अर्धेच झालो होतो.

पुढे नोकरी लागली, घर झालं, मुलं झाली. पाचशे डॉलर हातात आले तेव्हा ते नेहमी दुसऱ्याच कशाला तरी लागले. मी सिव्हिल इंजिनियर. जन्मभर सांडपाण्याचे नळ आणि पुलाखालच्या मोऱ्या बांधल्या. पाणी कुठे तुंबलं हे मी झोपेतही सांगेन. आवाज कुठे तुंबला हे शोधायची ही पहिलीच वेळ होती.

म्हणून आधी ग्रंथप्रामाण्य. जुनी पुस्तकं, मासिकं जमवली आणि स्पीकर बाजूला ठेवून मी स्पीकरवाल्याच्याच प्रेमात पडलो.

या गृहस्थांचं नाव एडगर विलचर. जन्म १९१७. शिक्षण कशाचं? तर कलेच्या इतिहासाचं! नाटकाचे पडदे-सेट रंगवायचे असा त्यांचा बेत होता. दुसरं महायुद्ध आलं, सैन्यानं त्यांना रेडिओ-रडारच्या दुरुस्तीला लावलं, आणि परत आल्यावर त्यांनी न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. हे वाचल्यावर मला श्रीखंडाचा डबाच आठवला. म्हणजे हा माणूस मुळात आमच्याच पंथातला.

त्या काळी घरात भरदार खर्ज हवा असेल तर खोकंही तसंच लागे. १९४६ साली पॉल क्लिप्श यांनी काढलेला नामांकित स्पीकर खोलीचा एक कोपराच्या कोपरा अडवून बसे. विलचर यांनी प्रश्न उलटा धरला. स्पीकरचा कागदी शंकू पुढेमागे हलतो तेव्हा आवाज होतो. त्याला जागेवर परत आणायला कडेनं आणि मागून एक ताण देणारी झूल असते. हीच झूल घात करते. शंकू थोडा हलला तर ती नीट ओढते; जास्त हलला की वेडीवाकडी ओढते, आणि खर्ज चिरकतो. विलचर म्हणाले, ही झूल अगदी ढिली करून टाका, आणि खोकं हवाबंद करा. आतली कोंडलेली हवाच स्प्रिंगचं काम करील. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्यानं दाबून दांडा लोटला की तो कसा मऊपणे परत येतो, तेच हे. गंमत म्हणजे हवेची ही स्प्रिंग नीट चालायची तर खोकं लहानच हवं. तेव्हा लहान खोकं ही तडजोड नव्हती, ती गरज होती.

पहिला नमुना घरीच झाला. ढिल्या झुलीसाठी कापड कुठलं? तर जुन्या गादीच्या खोळीचं! आणि त्याचा बेतशीर आकार आखून दिला त्यांच्या पत्नी रोजमेरीबाईंनी, कारण युद्धाच्या काळात त्यांनी ड्राफ्ट्समनची नोकरी केली होती. हे मी सौ.ला मुद्दाम मोठ्यानं वाचून दाखवलं.

"त्या बाईंनी खोळ दिली," सौ. म्हणाली, "मी देणार नाही."

विलचर ही कल्पना घेऊन मोठमोठ्या कंपन्यांकडे गेले. असं काही शक्य असतं तर ते आमच्या इंजिनियरांनी कधीच केलं असतं, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. हे वाक्य मी सरकारी खात्यांत मराठी, इंग्रजी आणि मौन अशा तिन्ही भाषांत ऐकलेलं आहे. शेवटी न्यूयॉर्क विद्यापीठात ध्वनीवर ते जो वर्ग घेत, त्यातला हेन्री क्लॉस नावाचा विद्यार्थी पुढे आला. त्याच्याकडे केंब्रिजमध्ये एक माळा होता. त्या माळ्यावर १९५४ साली कंपनी निघाली. १९५८ च्या ए.आर.-३ मध्ये त्यांनी बारीक आवाजासाठी घुमटाच्या आकाराचा छोटा स्पीकर आणला, तोही घरगुती स्पीकरांत पहिलाच. १९६० च्या सुमारास तर त्यांनी जाहीर पैजाच लावल्या. मंचावर फाइन आर्ट्स क्वार्टेटचे चार वादक वाजवायला बसत. मध्येच ते गज तारांना न लावता नुसते हलवीत राहत आणि ध्वनिमुद्रण स्पीकरमधून सुरू होई. खरं कुठे संपलं आणि खोटं कुठे सुरू झालं, हे श्रोत्यांना सांगता येत नसे. ए.आर.-३ आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहात आहे. माझी जोडी त्याच्या धाकट्या भावाची, १९६७ साली निघालेल्या मॉडेलची.

एवढं ज्ञान गोळा झाल्यावर मी तळघरात उतरलो. अमेरिकन घराला तळघर असतं आणि ते नवऱ्याला दिलेलं असतं. तारा जोडल्या आणि सौ.ने एका भारतवारीत ट्रंकेतून जपून आणलेली किशोरीताईंच्या भूपाची तबकडी लावली. खर्ज फाटक्या सुपासारखा फडफडत होता, मधला आवाज खरखरत होता आणि वरचा नव्हताच. तिन्ही सप्तकांना तीन वेगवेगळे आजार.

याला कारण घराण्याची रचना. या खोक्यात तीन भाऊ राहतात. थोरला बारा इंची. सेकंदाला ५७५ कंपांच्या खालचं सगळं त्याच्याकडे. मधला दीड इंची घुमट. ५७५ पासून ५,००० पर्यंत त्याचा अंमल. आणि धाकटा पाऊण इंची, ५,००० च्या वरचं पाहणारा. वाटणीचं काम आतल्या कॉइल आणि कपॅसिटर यांच्याकडे. वाटणीवरून भांडण नाही असं एकत्र कुटुंब मी आयुष्यात हे एकच पाहिलं.

आधी थोरला. पुढची जाळी उचकटून बोट लावलं तर कडेचा फोम काळ्या चिकट चुऱ्यासारखा बोटाला आला. यात दोष कुणाचा नाही. त्या काळचा फोम हवेतल्या दमटपणानं आपला आपण विरघळतो. पन्नास वर्षांत माणसाची कडसुद्धा विरते. शंकू बाहेर काढला. आतला काचतंतूंचा कापूस उपसताना बाह्या खाली करायला विसरलो आणि पुढचे दोन दिवस अंगाला खाज सुटून मी घरभर कथकली करत होतो. जुना फोम खरवडला, कड स्पिरिटनं पुसली, नवं कडं आधी शंकूला चिकटवलं, मग लोखंडी चौकटीला. शंकूच्या मागची कॉइल लोहचुंबकाच्या अशा चिंचोळ्या फटीत हलते, की केसभर सरकली तरी घासते. म्हणून डिंक ओला असतानाच अगदी खालचा सूर हळू वाजवत ठेवायचा आणि शंकू न घासता हलतोय अशी खात्री झाली की कडेनं चिमटे लावायचे. चिमटे कुठले, ते सांगायला नको. त्या दिवशी घरातले ओले कपडे खुर्च्यांच्या पाठींवर वाळले.

मग मागच्या बाजूचे दोन आवाजाचे कान. म्हणजे मधल्याचा आणि धाकट्याचा आवाज कमी-जास्त करायची बटणं. ती उघडली तर आतल्या तारेवर हिरवट-पांढरं कीट चढलेलं. बारीक पॉलिश-कागदानं घासून ती पितळी देवांसारखी लख्ख केली. कडेला कणकेसारखी पुट्टी लावून खोकी बंद केली. शंकू तळव्यांनी अलगद आत लोटून सोडला तर तो सावकाश, विचार करत परत आला. हवाबंद! मी विजयी मुद्रेनं सौ.ला हाक मारली आणि तबकडी लावली.

खर्ज आधी होता तेवढाही नव्हता.

तीन दिवस डोकं खाजवल्यावर उमगलं, की एका खोक्याच्या तारा मी उलट्या जोडल्या होत्या. एक शंकू पुढे यायचा तेव्हा दुसरा मागे जायचा. एकानं ढकललेली हवा दुसरा ओढून घ्यायचा. सहकारी सोसायटीत माझी नऊ वर्षं गेली असूनही हा प्रकार ओळखायला तीन दिवस लागावेत, याची लाज वाटली. तारा बदलल्या आणि तबल्यावरचा बायाँ असा घुमला, की वरच्या मजल्यावरची भांडी बोलू लागली.

राहिला धाकटा. भूप वाजत होता, पण तंबोरा कुठे होता? म्हणजे 'सा' होता, 'प' होता. पण त्यांच्या डोक्यावर जो रुपेरी धुरळा सतत उडत राहतो, ती जवारी नव्हती. घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा एक दोरा सरकवून गवई ती जमवतात. सी. व्ही. रामन यांनी तंबोऱ्याच्या या घोडीचं रहस्य १९२१ साली शास्त्रीय लेखात मांडलं होतं. तारेतून एरवी निघू नयेत असे कितीतरी वरचे सूर ही घोडी जागे करते. तेच नेमके झोपलेले होते. दोन्ही खोक्यांत. पंचवीस वर्षांपूर्वी हीच तबकडी ऐकताना ते मला स्पष्ट ऐकू येत असत.

मी बटण पूर्ण वर केलं. फरक नाही. धाकट्याकडे जाणारा सहा मायक्रोफॅरडचा कपॅसिटर म्हातारा झाला असणार म्हणून तो बदलायला पुन्हा पोट फाडलं, आणि थबकलो. तो कुणीतरी आधीच बदलला होता. जवळच लाकडावर पेन्सिलीनं, सुंदर वळणदार अक्षरात तारीख होती : १९९८. तिच्याखाली दुसरी, २००६. तिच्याखाली २०१३. माझ्या आधीच्या गृहस्थांनी एकच भाग तीनदा बदलला होता. "पहा," मी स्वतःशी म्हटलं, "रोग जुना आहे." मी चौथ्यांदा बदलला आणि खाली माझीही तारीख घातली.

फरक नाही.

मीटर लावून पाहिला. मीटर म्हणाला, धाकट्याची तार शाबूत आहे. म्हणजे मीटरमध्येच बिघाड. मीटरची बॅटरी बदलली. मीटर पुन्हा तेच म्हणाला. मी मीटर खणात टाकला आणि निर्वाणीचा उपाय म्हणून नातवाला बोलावलं. वय नऊ. त्याच्या फोनमधून हवा तो सूर काढता येतो. धाकट्याला सुरक्षित जोडणी करून मी फर्मावलं, "दहा हजार कंप. सोड."

"सोडला, आजोबा."

काही नाही. खोलीत स्मशानशांतता. "वाढव." काही नाही. "अजून." मी कान जाळीला टेकवला. मेला! दोन्ही मेले! असं जाहीर करायला मागे वळलो, तर नातू दोन्ही कानांत बोटं घालून जिन्यावर उकिडवा बसला होता आणि वरून सौ.चा आवाज येत होता,

"अहो, काय शिट्टी लावलीय ती? डोकं फुटलं माझं!"

आम्ही तिघं तळघरात उभे होतो. नातवानं फोन बंद केला असावा. मला काही ते कळलं नाही, पण त्या दोघांचे चेहरे सैल झाले. सौ. काही बोलली नाही. ती एरवी बोलते अशा ठिकाणी बोलली नाही, तेव्हा मला सगळं समजलं.

दुसऱ्या आठवड्यात कानाच्या तज्ज्ञ बाईंनी मला एका हवाबंद खोक्यात बसवलं. (विलचर यांना ते आवडलं असतं.) बाहेर आल्यावर माझ्या ऐकण्याचा नकाशा हातात दिला. डावीकडे, खालच्या सुरांना, रेघ सह्याद्रीच्या माथ्यावरून निघाली होती. मध्यावर बोरघाट लागला आणि उजवीकडे, वरच्या सुरांना, ती थेट अरबी समुद्रात बुडाली होती. आपल्या कानात शंखासारखी एक वळणदार नळी असते. तिच्यात केसांसारखी टोकं असलेल्या बारीक पेशींची रांग असते. वरचे सूर ऐकणाऱ्या पेशी दाराशी, खालचे ऐकणाऱ्या आत खोल. दाराशी असलेल्या आधी जातात. पक्ष्यांमध्ये त्या पुन्हा उगवतात, माणसात उगवत नाहीत. त्यांना नवा फोम चिकटवता येत नाही, पॉलिश-कागद चालत नाही.

"घरच्या माणसांचं बोलणं पुटपुटल्यासारखं वाटतं का?" बाईंनी विचारलं.

मी सौ.कडे पाहिलं. गेली कित्येक वर्षं मी तिला सांगत आलो होतो, की तू हल्ली फार पुटपुटतेस. स, श, च, फ ही सगळी व्यंजनं वरच्या सुरांत राहतात. ती गेली की शब्दांची नुसती हाडं उरतात. ती "भात संपलाय" म्हणायची आणि मी "हो, झकास जमलाय" म्हणायचो. मग ती दोनदा सांगायची, तिसऱ्यांदा ओरडून सांगायची, आणि मी म्हणायचो, "ओरडतेस कशाला?" पुढे पुढे ती सांगेनाशी झाली. घरात शांतता नांदते आहे, असा माझा समज होता.

यातल्या "ओरडतेस कशाला"ची मी क्षमा मागणार होतो. पण बाई म्हणाल्या, तो तुमचा स्वभाव नाही, तोही आजाराचाच भाग आहे. अशा कानाला हळू आवाज मुळीच ऐकू येत नाही आणि थोडा वाढला की एकदम अंगावर येतो. मधली पायरीच नाहीशी होते. म्हणून सगळंच सारखं मोठं करणारं जुनं यंत्र उपयोगाचं नाही. आवाजाचे खालचे-वरचे भाग वेगळे करायचे आणि प्रत्येक भागात हळू असेल ते जास्त चढवायचं, मोठं असेल ते कमी. वाटणी आणि ताण. हे मी कुठेतरी वाचलं होतं.

घरी येऊन पुस्तकं उघडली. विलचर यांनी १९६७ साली कंपनी विकून टाकली, इथपर्यंत वाचून मी पुस्तक मिटलं होतं. मालकानं धंदा विकला, गोष्ट संपली, असं मला वाटलं होतं. पुढचं पान आता वाचलं. हे गृहस्थ त्यानंतर वुडस्टॉक गावातल्या घरी बसून बहिऱ्या कानांच्या मागे लागले होते. १९७३ साली त्यांनी याच पद्धतीवर निबंध प्रसिद्ध केला आणि तिचं पेटंट मुद्दाम घेतलं नाही. कुणालाही वापरता यावी म्हणून. आज ही पद्धत श्रवणयंत्रांत सर्रास असते. विलचर २०११ साली, चौऱ्याण्णवाव्या वर्षी गेले.

मी बराच वेळ पुस्तक मांडीवर घेऊन बसलो. खोकं दुरुस्त करता करता या माणसाच्या लक्षात आलं होतं, की आवाजाचा रस्ता खोक्यापाशी संपत नाही. मी मात्र खोक्यापाशीच स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलो होतो.

यंत्र आलं. कानामागे, उरलेल्या पांढऱ्या केसांत दडून बसणारं. पहिल्या दिवशी मला कळलं, की आमचा फ्रीज गुणगुणतो, वर्तमानपत्र उलटताना वाजतं, आणि माझ्या डाव्या चपलेला स्वतःचं मत आहे. संध्याकाळी तळघरात गेलो. पूर्ण वर केलेलं बटण कंपनीनं ठिपका देऊन दाखवलेल्या जागेवर परत आणलं आणि भूप लावला. तंबोरा सुरू झाला. पंचवीस वर्षांपूर्वीचा तो नव्हे, हे कबूल. रुपेरी धुरळ्यातलं निम्मं रुपं कायमचं गेलेलं. पण तो तिथे होता. दोन्ही खोक्यांतले धाकटे भाऊ सगळा वेळ इमानेइतबारे गात होते.

दुसऱ्या दिवशी आजीबाईंकडे गेलो. स्पीकर ठणठणीत आहेत, आणि तुमच्या यजमानांच्या वेळीही ठणठणीत होते, हे सांगितलं. तीन तारखांचंही सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "तो मला म्हणायचा, तू फार पुटपुटतेस. मला वाटायचं, त्याला माझा कंटाळा आला." आणि मग थोड्या वेळानं, "बरं झालं सांगितलंत." मी निघालो तेव्हा त्यांनी ती पाय मोडलेली आरामखुर्ची मला फुकट देऊ केली. ती मी घेतली.

खुर्ची उचलून घरात शिरतो, तो स्वयंपाकघरातून सौ.चा आवाज आला. माझ्याशी नव्हे, आमटीशी बोलत असल्यासारखा :

"साठ डॉलरच्या खोक्यांपायी हजारोंचं यंत्र. आणि आता हे मोडकं लाकूड."

"ऐकलं मी," मी म्हटलं.

पळी थांबली. "ऐकलंत?"

"शब्द न् शब्द. सगळ्या व्यंजनांसकट."

"अरे देवा," सौ. म्हणाली. "म्हणजे आता विचार करून बोलायला हवं. कानामागून आलं आणि तिखट झालं ते हेच."

तिनं हे अगदी हळू म्हटलं होतं. मला ऐकू येतं की नाही ते पाहायला. मी मुद्दामच काही बोललो नाही. आमटीला येणारा चुर्र आवाज ऐकत, खुर्चीचा पाय कुठून मोडलाय ते बघायला बसलो.